काढा कधी थांबवायचा? कोल्हापूरच्या ऋतूंप्रमाणे घरगुती वनौषधी

2020 च्या उन्हाळ्यात आमच्या घरी दिवसातून तीन वेळा काढा उकळायचा. सुंठ, मिरी, दालचिनी, लवंग, तुळस आणि वर गुळवेल. सगळ्या गल्लीत तेच चाललं होतं. तिसऱ्या आठवड्यात माझ्या तोंडात फोड आले, छातीत जळजळ सुरू झाली, लघवीला आग होऊ लागली. वैद्यांकडे गेले. त्यांनी काय घेता, किती घेता, हे शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "हे थांबवायचं कधी ठरवलं होतं तुम्ही?"

ठरवलंच नव्हतं. चैत्र-वैशाखाच्या उन्हात हिवाळ्याची औषधं, तीही मोजमाप नसलेली. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दोन खुणा असतात. औषध सुरू केल्याच्या तारखेभोवती गोल, आणि त्याच दिवशी पुढची एक तारीख बघून तिच्यावर फुली. फुलीच्या दिवशी डबा परत फळीवर जातो. बरं वाटत असलं तरी जातो.

हा लेख त्या दोन खुणांच्या मधल्या दिवसांबद्दल आहे. कोल्हापुरात कुठल्या ऋतूत काय मिळतं, ते कसं ओळखायचं, किती घ्यायचं, कसं करायचं आणि कोणी घेऊ नये, हे सगळं मी घरी जसं करते तसं लिहिते आहे.

शरीरशुद्धी या शब्दाबद्दल आधी बोलू. आपल्याकडे पोट साफ झालं म्हणजे शरीर साफ झालं असा समज आहे, म्हणून जुलाब होईपर्यंत काहीतरी प्यायचं. खरं तर रक्तातली घाण काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रात्रंदिवस करत असतात, त्यांना कुठल्या काढ्याची वाट बघावी लागत नाही. आपल्या हातात असतं ते त्यांच्यावरचा भार हलका करणं. ऋतू बदलताना भूक मंदावते, पोट जड होतं, झोप बिघडते. अशा वेळी चार दिवस हलकं जेवण, गरम पाणी आणि सोबत ओळखीची एखादी वनस्पती, एवढ्याने बहुतेकांना बरं वाटतं. वमन (औषधाने उलटी करवणं), विरेचन (जुलाब करवणं) वगैरे पंचकर्मं वैद्यांच्या देखरेखीखाली करायची असतात, ती घरच्या गॅसवर होत नाहीत.

आयुर्वेदात ऋतुसंधी म्हणून एक कालावधी सांगितला आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात, असे चौदा. जुन्या ऋतूचं खाणंपिणं या दिवसांत हळूहळू सोडायचं आणि नव्याचं हळूहळू धरायचं. मी गोल आणि फुली शक्यतो याच चौदा दिवसांत बसवते.

आधी स्वतःची चौकशी

कुठलीही पुडी घरी आणण्याआधी रोजच्या गोळ्यांची पाकिटं समोर घेऊन बसा. वनौषधीही औषधच आहे, म्हणून ती दुसऱ्या औषधात ढवळाढवळ करू शकते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर हळद, आलं, लसूण भाजी-आमटीत चालेल तेवढंच, चूर्ण-कॅप्सूल नको. रक्तदाबवाल्यांनी ज्येष्ठमध रोज चघळू नये, त्याने दाब वाढतो आणि रक्तातलं पोटॅशियम उतरतं. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी गुळवेल किंवा मेथीचं चूर्ण जोडीला लावलं तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. थायरॉइडच्या गोळ्या असतील तर अश्वगंधा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बायकांनी, अंगावर दूध पाजणाऱ्यांनी आणि दिवस राहावेत म्हणून प्रयत्न करणाऱ्यांनी यांतलं काहीच स्वतःच्या मनाने घेऊ नये. कडुलिंब, एरंडेल आणि कोरफडीचा रस तर अजिबात नको.

लहान मुलांच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. जेवणात येतं तेवढंच द्यायचं. कडुलिंबाचं तेल मुलाच्या पोटात जाऊ देऊ नका, त्याने विषबाधा होऊन मेंदूला इजा झाल्याची उदाहरणं आहेत.

आणि पुडीवर 'भस्म' किंवा 'रस' असं काही लिहिलेलं असेल तर ते वैद्यांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. त्यात धातू असतात, इथे 'रस' म्हणजे पारा.

काढा, फांट, हिम

सगळ्याच वनस्पती उकळायच्या नसतात. ही एक गोष्ट कळली तरी अर्ध्या चुका टळतात.

खोड, साल, मूळ असं कठीण काही असेल तर काढा. आधी कुटून भरड करायचं, पाण्यात घालून मंद आचेवर झाकण न ठेवता आटवायचं. पानं, फुलं किंवा वासाचं काही असेल तर फांट, म्हणजे उकळतं पाणी वरून ओतायचं, झाकायचं, दहा मिनिटांनी गाळायचं. उकळत ठेवलं तर वासाबरोबर गुणही वाफेवर निघून जातो. आणि थंड प्रकृतीच्या वस्तूंसाठी हिम. रात्री साध्या पाण्यात भिजत घालायचं, सकाळी कुस्करून गाळायचं. गॅस लावायचाच नाही.

भांडं स्टीलचं किंवा मातीचं घ्या. आजीचं पितळी पातेलं कितीही आवडीचं असलं तरी त्याला कल्हई नसेल तर त्यात चिंच, कोकम, आवळा असं आंबट काही शिजवू नका, धातू उतरतो. केलेला काढा त्याच दिवशी संपवा.

मृगापासून बैलपोळ्यापर्यंत

आमच्याकडे वर्ष पावसापासून मोजावं असं वाटतं. गगनबावड्याकडून ढग उतरले की पंधरा दिवसांत सगळा जिल्हा ओला होतो आणि माणसांची भूक मरते. पाणी गढूळ, हवा दमट, पोटात वायू. या दिवसांत बळ देणारं जड काही खाण्यापेक्षा भूक टिकवणं महत्त्वाचं.

पहिलं औषध म्हणजे उकळलेलं पाणी. पाण्याला खळखळून उकळी येऊ द्यायची, मग त्यात सुंठीचा लहान तुकडा टाकायचा आणि झाकून गार करायचं.

दुसरं, सुंठ-गूळ-तुपाची गोळी. सुंठपूड आणि चिरलेला गूळ समान घ्यायचा, गोळी वळेल एवढंच तूप घालायचं आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या करायच्या. सकाळी नाश्त्याच्या अर्धा तास आधी एक. दहा दिवसांवर माझी फुली असते. आम्लपित्त असेल, तोंड येत असेल तर ही गोळी आपली नव्हे, त्यांनी जेवणानंतर चिमूटभर भाजलेला ओवा चावावा.

तिसरं, रानभाज्या. जुलै उजाडला की कपिलतीर्थ मंडईच्या कडेला आणि लक्ष्मीपुरीच्या रविवारच्या बाजारात डोंगराकडच्या बायका बुट्ट्या मांडून बसतात. टाकळा, कुरडू, भारंगी, पाथरी, घोळ. वर्षभर पालक-मेथी खाणाऱ्या पोटाला हा बदल हवा असतो.

टाकळा घ्यायचा तो वीतभर उंचीच्या आतला, शेंडा कोवळा असताना. जून झाला की चरचरीत लागतो. फक्त पानं खुडून घ्यायची, दोन पाण्यांतून धुवायची, बारीक चिरायची. तेलात लसूण भरपूर, मग कांदा, मग तासभर भिजवलेली मूगडाळ, वर भाजी. झाकण ठेवून पूर्ण शिजू द्यायची, कच्चट ठेवायची नाही. उतरवताना ओलं खोबरं. भाकरीबरोबर अशी लागते की मुलंही मागून घेतात. भारंगी कडू असते, ती चिरून उकळून पाणी पिळून टाकल्याशिवाय फोडणीला टाकू नका. घोळीची भाजी ज्यांना मुतखडा आहे त्यांनी टाळावी, तिच्यात ऑक्झलेट बरंच असतं.

हे सगळं विकत घ्या, स्वतः खुडायचा मोह झाला तर मात्र जागा बघा. आपल्या जिल्ह्यात बांधाबांधावर ऊस आहे आणि उसात तणनाशक मारलं जातं. तणनाशकाच्या लेखी टाकळा आणि कुरडू ही तणंच. बांधावर हिरवीगार दिसणारी भाजी गेल्या आठवड्यात फवारलेली असू शकते, म्हणून शेतमालकाला विचारल्याशिवाय पानाला हात लावायचा नाही. हमरस्त्याच्या कडेची नको. पंचगंगेचं पुराचं पाणी जिथपर्यंत आलं होतं तिथली त्या मोसमात अजिबात नको. आणि नवी भाजी पहिल्यांदा खाताना घरातल्या एका मोठ्या माणसाने थोडीच खाऊन बघावी, पोट काय म्हणतं ते दुसऱ्या दिवशी कळतं.

2019 आणि 2021 चा महापूर आपण सगळ्यांनी बघितला. पाण्यातून चालून आल्यावर ताप आला, पिंढऱ्या दुखू लागल्या, डोळे लाल झाले, तर काढा करत बसू नका. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो आणि त्यावर वेळेत प्रतिजैविकं मिळाली तर माणूस वाचतो. डेंग्यूचंही तसंच. आधी दवाखाना आणि रक्ततपासणी.

गुळवेल, जरा जवळून

गुळवेलीला वेगळी जागा देते आहे, कारण घोटाळे सगळ्यात जास्त हिच्याच बाबतीत होतात. कडुलिंबावर चढलेली गुळवेल चांगली असं सगळे सांगतात. पण ती गुळवेलच आहे हे आधी कळायला हवं.

मला ओळखायला शिकवलं ते मंडईत वेली विकणाऱ्या एका मावशींनी. मी करंगळीएवढ्या जाडीचा तुकडा उचलला, तर त्यांनी तो माझ्या हातातून घेऊन विळ्याने आडवा कापला आणि कापलेली बाजू माझ्या डोळ्यांसमोर धरली. "बघा ताई, आत गाडीचं चाक दिसतंय न्हवं? मधनं आरं निघाल्यात. मग ह्यो गुळवेल. आता साल काढा नखानं." वरची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी सुटली आणि खाली हिरवंगार खोड निघालं. पाणी लावून बोटांत चोळलं तर बुळबुळीत. जिभेला लावलं तर कडू.

पान हृदयाच्या आकाराचं, लांब देठाचं, गुळगुळीत. जुन्या वेलीवरून दोऱ्यासारखी बारीक मुळं खाली लोंबतात. सालीवर बारीक पांढुरके ठिपके असतात, तेही खरे. पण खोडभर चामखिळींसारख्या उठलेल्या गाठी असतील तर तो तुकडा परत ठेवा, ती गुळवेलीची जुळी बहीण शोभणारी वेगळी वेल असते. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. रुग्णांनी नेमकी कुठली वनस्पती घेतली ते तपासलेलं नाही, असा आयुष मंत्रालयाचा आक्षेप होता. वाद बाजूला ठेवला तरी घरात वापरणाऱ्यासाठी त्यातून दोन गोष्टी निघतात. ओळख पटल्याशिवाय घ्यायची नाही, आणि महिनोन्‌महिने घ्यायची नाही.

ज्यांना यकृताचा कुठलाही त्रास आहे, रोज दारू घेण्याची सवय आहे, आमवात, ल्युपस यांसारखा स्वतःच्याच शरीरावर उलटणारा आजार आहे, त्यांनी गुळवेल सोडून द्यावी. तिच्यावाचून काही अडत नाही.

बाकीच्यांनी असं करावं. करंगळीएवढ्या जाडीचा, बोटभर लांबीचा ताजा तुकडा घ्या. पापुद्रा काढा, खलबत्त्यात तंतू सुटेपर्यंत ठेचा. दोन कप पाण्यात टाका, मंद आचेवर अर्धा कप उरेपर्यंत आटवा. गाळा, कोमट असताना सकाळी घ्या. साखर-मध घालून कडूपणा मारायची गरज नाही, दोन घोटांचं काम आहे. दिवसातून एकदा, सलग सात दिवस, आणि आठव्या दिवशी फुली. पावसाळा संपून ऑक्टोबरचं ऊन सुरू व्हायच्या मधला आठवडा मी हिला देते, वर्षातून तेवढाच. मध्येच डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, उजव्या बरगडीखाली दुखू लागलं, अंगाला खाज सुटली, अन्नावरची वासना उडाली, तर त्याच क्षणी बंद करून डॉक्टरांकडे. आणि तिथे गेल्यावर काय घेत होतो ते लपवू नका. बरेच जण लपवतात.

शरद: धणे आणि त्रिफळा

पाऊस ओसरला की आश्विनाचं ऊन अंगावर येतं. आयुर्वेदाच्या हिशोबाने पावसाळ्यात साठलेलं पित्त या दिवसांत उसळतं. हिशोब बाजूला ठेवला तरी अनुभव सगळ्यांचा आहे, डोळ्यांची आग, अंगावर पुरळ, तोंड येणं, चिडचिड. आणि नेमके हेच नवरात्राचे दिवस, उपासाचे साबुदाणे आणि शेंगदाणे खाण्याचे. आपल्याकडे वर तांबडा रस्सा आहेच. तो मला प्रिय आहे, पण या पंधरवड्यात आमच्या घरी पांढरा होतो.

या ऋतूचं माझं सगळ्यात आवडतं औषध म्हणजे धण्याचा हिम. एक चमचा अख्खे धणे खलबत्त्यात नुसते भरडायचे, पूड होऊ द्यायची नाही. कपभर पिण्याच्या पाण्यात रात्री भिजत घालायचे, वर ताटली. सकाळी हाताने कुस्करायचे, फडक्यातून गाळायचे, चव हवी असेल तर खडीसाखरेचा लहान खडा. पाणी किंचित पिवळसर दिसतं, आणि वास असा येतो की अर्धी आग तिथेच विझते. रिकाम्या पोटी घ्यायचा, अर्ध्या तासाने चहा. चहा सुटतच नसेल तर निदान आधी हा. चौदा दिवस. आमच्या सासूबाई त्यात चार काळ्या मनुका भिजवायच्या आणि त्या शेवटी चावून खायच्या. ज्यांचं पोट कडक आहे त्यांनी तसं करावं.

धणे नवे, हिरवट झाक असलेले घ्या. खूप चकचकीत, एकसारखे पिवळे दिसणारे नको. मुठीत दाबून वास घ्या, वास नसेल तर गुणही नाही.

त्रिफळा हे शरदाचं दुसरं. हिरडा, बेहडा, आवळा. तयार पूड मिळते, पण मी काष्ठौषधींच्या दुकानातून तिन्ही अख्खे आणते. कारण साधं आहे, अख्खा हिरडा ओळखता येतो, पूड ओळखता येत नाही. हिरडा पाण्यात टाकून बघा, भरलेला असेल तर बुडतो. किडका, पोकळ तरंगतो. तिन्हींच्या आतली बी फोडून काढायची, फक्त टरफल घ्यायचं. बहुतेक जण तिन्ही समभाग घेतात. दुसरी रीत एक भाग हिरडा, दोन भाग बेहडा, चार भाग आवळा अशी आहे, ती पोटाला जास्त सौम्य पडते आणि आमच्या घरी तीच चालते. उन्हात दोन दिवस कडकडीत वाळवून मिक्सरला बारीक करा, वस्त्रगाळ करा. काचेच्या बरणीत भरा आणि बरणीवर तारीख लिहा. चार महिन्यांत संपेल एवढीच करा.

रात्री झोपताना अर्धा चमचा, कोमट पाण्याबरोबर. पहिले दोन दिवस पाव चमचाच. सकाळी एकदा नीट पोट साफ होणं एवढंच अपेक्षित आहे. पातळ जुलाब होऊ लागले तर ते शुद्ध होण्याचं लक्षण नव्हे, मात्रा जास्त झाल्याचं लक्षण आहे. कमी करा किंवा थांबवा. दोन आठवड्यांनी फुली. त्यापुढेही रोज लागत असेल तर दोष जेवणात आणि झोपेत शोधायचा. सोनामुखी घातलेली चूर्णं तर सवय लावतात, ती महिनोन्‌महिने घेणं टाळा.

हिरडा एकटाही वापरतात, आणि प्रत्येक ऋतूत त्याची जोडी बदलते. याला ऋतुहरीतकी म्हणतात. पावसाळ्यात सैंधव, शरदात साखर, हेमंतात सुंठ, शिशिरात पिंपळी, वसंतात मध, ग्रीष्मात गूळ. वनस्पती तीच ठेवून ऋतूप्रमाणे सोबत बदलायची, ही कल्पना मला फार शहाणपणाची वाटते. मात्र हा प्रयोग वैद्यांना विचारून करा.

थंडी: गुऱ्हाळं पेटली की मोरावळा

हेमंत-शिशिरात भूक खणखणीत असते, म्हणून हा बळ कमावण्याचा काळ. डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू सगळ्यांना येतात, त्यांची कृती सांगत नाही. फक्त लाडू खाऊन वर पोटभर जेवण केलं तर औषध राहत नाही, वजन वाढतं. एक लाडू म्हणजे नाश्ता, असा हिशोब ठेवा.

मोरावळा मात्र सविस्तर सांगते, कारण साखरेचा पाक करून त्याचा मुरांबा केला जातो आणि मग तो आवळ्याचा पदार्थ न राहता साखरेचा होतो. आपल्याकडे गूळ आहे, आणि कसला गूळ! कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. थंडीत करवीर, पन्हाळा, कागलकडे कुठल्याही रस्त्याला लागा, गुऱ्हाळाचा वास येतो. काहिलीतला रस साफ करायला भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतात, मळी वर येते आणि झाऱ्याने काढून टाकतात. असा गूळ तांबूस, गडद रंगाचा असतो. अगदी पिवळाधमक दिसणारा गूळ पुष्कळदा हायड्रॉससारखी पावडर वापरून उजळवलेला असतो. औषधासाठी गडद घ्या.

एक किलो मोठे, डाग नसलेले आवळे. धुऊन पुसून काट्याने टोचायचे. चाळणीत ठेवून दहा-बारा मिनिटं वाफवायचे, पाकळ्या सुटू लागल्या की बास. गार झाल्यावर बिया काढायच्या. सव्वा किलो चिरलेला गूळ जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात, वाटीभर पाणी घालून विरघळवायचा आणि एकदा गाळून घ्यायचा, गुळात बारीक कचरा असतोच. पाक परत चुलीवर ठेवून पाकळ्या सोडायच्या. आवळ्याला पाणी सुटून पाक आधी पातळ होतो, घाबरायचं नाही. मंद आचेवर ढवळत राहायचं. थेंब दोन बोटांत धरून एक तार निघाली की उतरवायचा. मग चमचाभर सुंठ, वेलदोडा, चिमूटभर मिरपूड. पूर्ण गार झाल्यावर कोरड्या काचेच्या बरणीत. रोज सकाळी तीन-चार पाकळ्या. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी हा खाऊ नये, त्यांनी आवळ्याच्या फोडी हळद-मीठ लावून दोन दिवस मुरवाव्यात आणि जेवणात दोन फोडी घ्याव्यात.

याच दिवसांत सांगलीकडून ओली हळद येते. ती किसून लिंबू-मिठात घालून जेवणात चमचाभर, बस्स. मिऱ्याच्या अर्कासह येणाऱ्या हळदीच्या कॅप्सूल मी घेत नाही. त्यात हळद शरीरात फार मोठ्या प्रमाणात शोषली जाते आणि त्यानेही यकृत बिघडल्याची उदाहरणं आहेत.

पाडव्याची चटणी

थंडीतले लाडू वसंतात बाहेर पडतात. कफ, सर्दी, सकाळचं जडपण. म्हणून पाडव्याला कडुलिंब. आपण देवापुढे ठेवून नखाएवढा तुकडा तोंडात टाकतो आणि वर्षभरासाठी विसरतो. सात दिवस नीट केला तर फरक कळतो.

चमचाभर ताजी फुलं, आठ-दहा तांबूस कोवळी पानं, दोन चमचे भिजलेली हरभरा डाळ, बोराएवढी चिंच, तेवढाच गूळ, ओवा, जिरं, दोन मिरे, हिंग, मीठ. पाट्यावर वाटली तर उत्तम. जेवणाच्या सुरुवातीला एक लहान चमचा. गूळ कडूपणा झाकण्याइतका घालायचा नाही, कडू कळायलाच हवं. सोबत आठवडाभर रात्रीचं जेवण आठच्या आत, दही आणि मैदा बंद. सात दिवसांनंतर कडुलिंब थांबवा. सकाळी उठून पेलाभर पाल्याचा रस पिणारी माणसं मी बघितली आहेत, इतका कडुलिंब पोटाला आणि यकृताला झेपत नाही.

ऊन

चैत्र संपला की गरम मसाल्याचं सगळं आत. उन्हाळ्यात टॉनिक म्हणजे थंडावा आणि पाणी.

उपळसरी, म्हणजे अनंतमूळ, ही या ऋतूची राणी. काळपट तांबूस बारीक मुळ्या, नखाने साल खरवडली की गोड सुगंध दरवळतो. वास आला नाही तर ती जुनी आहे किंवा दुसरंच काही आहे. औषधी गुण सालीत असतो, म्हणून मुळ्या सोलू नका, नुसत्या धुऊन ठेचा. दोन चमचे भरड दोन कप उकळत्या पाण्यात टाकून झाकून ठेवायची, गार झाल्यावर गाळून त्यात लिंबू आणि थोडी खडीसाखर. उकळत ठेवली की सुगंध जातो. दिवसाआड एक पेला, तीन आठवडे.

नाचणीची आंबील विसरू नका. मार्गशीर्षात रेणुकादेवीच्या आंबील यात्रेला घरोघरी होते, पण तिचा खरा उपयोग वैशाखात. दोन चमचे नाचणीचं पीठ रात्री ताकात कालवून झाकून ठेवा. सकाळी दोन कप पाणी उकळून त्यात सोडा, गुठळ्या होऊ न देता पाच-सात मिनिटं शिजवा. गार झाल्यावर वरून पातळ ताक, जिरं, मीठ, ठेचलेली लसणीची एक पाकळी. उन्हात कामाला जाणाऱ्याने पेलाभर घेऊन निघावं.

सब्जा चमचाभर घ्यायचा आणि पाण्यात वीस मिनिटं पूर्ण फुगू द्यायचा. कोरडा तोंडात टाकायचा नाही, घशात अडकतो. कोकम कोकणातून घाट चढून येतं, घेताना मिठाने पांढरं झालेलं नको, मऊ आणि काळपट घ्या.

आणि माठात वाळा. मूठभर मुळ्या दोन-तीन पाण्यांतून माती जाईपर्यंत धुवायच्या, पांढऱ्या सुती फडक्यात सैल बांधून माठात सोडायच्या. चौथ्या दिवशी जुडी बाहेर काढून उन्हात वाळवायची, तेवढ्यात माठ आतून घासून घ्यायचा, मग जुडी परत आत. एक जुडी अशी तीन-चार वेळा चालते. बुळबुळीत लागली की टाकून द्यायची. मे महिन्यात दुपारी अचानक अंधारून येतं, धुरळा उठतो, वळवाचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजू लागतात. त्या दिवशी मी दोरीवरची जुडी घरात घेते, ती परत माठात जात नाही, आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर फुली मारते.